मुलाचे दात भूल देऊन करायचेत: मोठं हॉस्पिटल की छोटं डे-केअर?

पोराच्या बऱ्याच दाढा किडल्यात, पोरगं खुर्चीत बसून तोंडच उघडत नाही आणि डेंटिस्टने सांगितलंय की पूर्ण भूल देऊन एकदमच रूट कॅनल, कॅप सगळं उरकू, इथपर्यंत आलेल्यांसाठी लिहितोय. पुण्यात मग प्रश्न उरतो की मोठ्या मल्टिस्पेशालिटीत करायचं का डेंटिस्ट स्वतःची टीम घेऊन जातात अशा छोट्या डे-केअरला, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या छोट्या हॉस्पिटलात. पुतणीचं मोठ्या ठिकाणी झालं, आमच्या चिरंजीवांचं छोट्या, त्यामुळे दोन्ही बघून झालंय.

काम दोन्हीकडे तेच. भुलीआधीची फिटनेस तपासणी, मास्कने झोपवणं, मग सलाइन, नाकातून श्वासाची नळी, संध्याकाळी घरी. मोठ्या ठिकाणी मागे आयसीयू असतं हा दिलासा खरा आहे, आणि मुलाला हार्टचा, दम्याचा किंवा झोपेत खूप घोरण्याचा त्रास असेल तर पुढचं वाचूच नका, तिकडेच जा.

माझं घोडं अडलं ते उपाशी ठेवण्यावर. नियम साधा आहे, जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, पाणी २ तास आधी. पुतणीचा नंबर सकाळचा होता पण मध्ये इमर्जन्सी आली आणि लिस्ट सरकत गेली, दर वेळी सिस्टर म्हणायच्या "आता घेतीलच", आणि नक्की कधी घेणार हेच माहीत नाही म्हटल्यावर घोटभर पाणी द्या असं म्हणायलाही कोणी तयार नाही. दुपारी शेजारच्या बेडवर डबा उघडला, मेथीच्या भाजीचा वास आला आणि ती जी रडायला लागली ती ओटीच्या दारापर्यंत. चूक कोणाचीच नव्हती, पण चार वर्षांच्या लेकराला इमर्जन्सी काय समजावणार?

छोट्या ठिकाणी आम्हाला आठचा पहिला नंबर मिळाला. रात्री झोपताना दूध, सहाला सिंहगड रोड रिकामा असताना निघालो, निघण्याआधी पाणी पाजलं, बास. मास्क तोंडाला लावून पायलट व्हायचा खेळ घरी आठवडाभर चालला होता, त्यामुळे पठ्ठ्या स्वतःच फुंकायला लागला. फक्त "काही होणार नाही" असं खोटं सांगू नका, उठल्यावर हाताला सुई दिसतेच. आणि उठल्यावर मूल बऱ्याचदा अर्धा तास वेड्यासारखं रडतं, आईलाही ढकलतं, हे दोन्हीकडे होतं, ती भुलीची गुंगी असते, घाबरू नका.

तरी छोट्या ठिकाणी दोन गोष्टी तोंडावर विचारा, भूलतज्ज्ञ वेगळे आणि लहान मुलांची सवय असलेले आहेत का, आणि मूल पूर्ण जागं होईपर्यंत थांबतात का. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर उठून या. आणि मोठ्या ठिकाणी पहिला नंबर पक्का देत असतील तर माझी काहीच हरकत नाही हो, पण आम्ही विचारलं तेव्हा "लिस्ट आदल्या संध्याकाळी लागते" एवढंच ऐकायला मिळालं.