ट्रायलसाठी नमुना: जुना ब्लॉक की नवी बायप्सी?

मुलाचा कॅन्सर उलटला, केमोला दाद देईना, आणि डॉक्टरांनी मुंबईतल्या टार्गेटेड औषधाच्या ट्रायलचं (रुग्णांवरच्या चाचणीचं) नाव काढलं की आधी नमुन्याचा प्रश्न येतो. औषध ज्या जनुकीय बदलावर चालतं, तो बदल गाठीत सापडायला हवा. मग पहिल्या ऑपरेशनमधल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, पाठवायचा, की पोराला पुन्हा सुई टोचायची?

ब्लॉकला भूल लागत नाही, खर्च कमी, आणि इथल्या कोल्हापुरातल्या लॅबमधूनच तो मिळतो. तान्ह्या बाळाच्या फायब्रोसार्कोमातलं (मऊ ऊतींच्या कॅन्सरमधलं) एनटीआरके फ्यूजन, म्हणजे दोन जनुकं जोडली जाऊन झालेला बदल, सुरुवातीपासूनच असतं, त्यामुळे अलीकडच्या ब्लॉकवर भागतं. न्यूरोब्लास्टोमाचं (लहान मुलांच्या कोवळ्या मज्जापेशींच्या कॅन्सरचं) तसं नाही. आजार उलटताना एएलके जनुकातले आणि रास मार्गातले (पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या साखळीतले) बदल नव्याने दिसू शकतात. एनटीआरके फ्यूजनवरचं औषध लॅरोट्रेक्टिनिब आधी लागू पडलं आणि मग थांबलं असेल, तर औषध जिथे चिकटतं तिथेच बदल झालेला असू शकतो. रेपोट्रेक्टिनिबसारखी पुढची औषधं त्यासाठीच बनली. हा बदल जुन्या ब्लॉकमध्ये कुठून सापडणार?

माझा कल नव्या बायप्सीकडे झुकला तो आरएनएमुळे, म्हणजे जनुकाच्या पेशीतल्या नकलेमुळे. फ्यूजन त्यातच नीट सापडतं, पण नमुना टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये आरएनए तुटतं, आणि ब्लॉक वर्षानुवर्षं पडून राहिला की आणखी. हाडाचा तुकडा ॲसिडमध्ये मऊ केलेला असेल तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. ‘नमुना अपुरा’ असा शेरा येईपर्यंत दोन-तीन आठवडे गेलेले असतात आणि सुई टळत नाहीच. असे परत आलेले ब्लॉक इतके पाहिलेत की आता मी फक्त त्यांच्यावर विसंबत नाही.

बायप्सी सोमवार-मंगळवारी ठेवा. शुक्रवारचा तुकडा सोमवारपर्यंत फॉर्मलिनमध्ये राहतो. ६ ते ४८ तास पुरेत. १६ किंवा १८ गेजच्या सुईने तीन-चार तुकडे घ्यायला सांगा, तेही गाठीच्या कडेचे, कारण मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो. त्यात गाठीच्या पेशी निदान २० टक्के आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टना पाहायला सांगा. अस्थिमज्जा पाठवायची तर जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या बुचातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून करायची तपासणी, बिघडवतं.

गाठ मेंदूच्या देठाशी किंवा फुफ्फुसात खोल असेल तर मात्र सुईचा धोका मोठा. तिथे ब्लॉकच आधी, आणि शब्द डॉक्टरांचा.

ब्लॉक मे महिन्यात कुरिअरने जाणार असेल तर थर्माकोलच्या डब्यात आईसपॅक घाला, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसने हातानेच न्या. दोन्ही नमुने एकदम पाठवा आणि नवा आधी तपासणीला लावा, असं अर्जावर लिहून द्या.