‘द ब्रेव्ह’ बघावी की ‘सील टीम’?

सप्टेंबर २०१७ मध्ये, दोनच दिवसांच्या फरकाने, अमेरिकेत दोन लष्करी मालिका सुरू झाल्या. एनबीसी वाहिनीवर ‘द ब्रेव्ह’ आणि सीबीएसवर ‘सील टीम’ (सील म्हणजे अमेरिकी नौदलाचे खास कमांडो). (पाठोपाठ सीडब्ल्यूवर ‘व्हॅलर’ही आली, पण तिला या तुलनेत आणत नाही.) आज कुणी यातली एक बघायला घेणार असेल तर निवड वरवर सोपी वाटते. पहिली १३ भागांत संपते, दुसरी सात सीझन आणि ११४ भाग चालते. हाताशी वेळ कमी असेल तर पहिली घ्या, असं कुणीही सांगेल. मी तसं सांगायला जरा कचरतो.

एकेका भागाचा विचार केला तर ‘द ब्रेव्ह’ जास्त रंगते, यात शंका नाही. कॅप्टन डाल्टन आणि त्याची चार माणसं मैदानात, ॲन हेशची पॅट्रिशिया कॅम्पबेल डीआयएच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी गुप्तचर संस्थेच्या, खोलीत पडद्यांसमोर. दर वेळी नवा मुलूख, नवी अडचण आणि पाऊण तासात निकाल. घरगुती रडगाणं जवळजवळ नाही. पथकातली जॅझ तेहरानमध्ये पकडली जाते तिथे तर मला पुढचा भाग लगेच लावल्याशिवाय राहवलं नाही. ‘सील टीम’ बघताना असं प्रत्येक वेळी झालं नाही. पहिले दोन सीझन २२-२२ भागांचे, त्यात भरताड बरीच. पथकप्रमुख जेसन हेजच्या घरचे प्रश्न सुरू झाले की माझा हात मोबाइलकडे जायचा.

तरीही ‘सील टीम’मधल्या ब्राव्हो पथकाची माणसं दारातून आत शिरतात तेव्हा फरक दिसतो. कोण कुठे वळणार, कुणाची पाठ कोण राखणार, हे सांगावं लागत नाही. ट्रेंटचं काम करणारा टायलर ग्रे स्वतः अमेरिकी लष्करात होता, आणि पडद्यामागेही माजी सैनिक बरेच. मला त्यातलं शास्त्र कळतं असं नाही, पण ‘द ब्रेव्ह’मधल्या चकमकी त्यानंतर थोड्या बेतल्यासारख्या वाटल्या.

पण माझा कौल फिरला तो यामुळे नाही. तो फिरला ‘द ब्रेव्ह’च्या शेवटामुळे.

ज्या मालिकेने ‘आजचं काम आजच संपवू’ अशी सवय लावली, तीच शेवटच्या दोन भागांत चाल बदलते. घाव पथकाच्या स्वतःच्या अंगावर येतो, पाठलाग खासगी होतो, ताण छान चढत जातो, आणि मग ऐन मोक्याच्या जागी पडदा पडतो. हा भाग जानेवारी २०१८ मध्ये आला. मे महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. विषय तिथेच संपला. निर्मात्यांना दुसऱ्या सीझनची आशा असणार, ते समजू शकतं. पण प्रेक्षक म्हणून माझ्या हाती काय आलं? दर आठवड्याला हिशेब चुकता करणाऱ्याने शेवटची उधारी बुडवावी, तसंच हे. शिवाय आधीचे भाग चांगले असल्यामुळे ती जास्त बोचते. वाईट मालिकेचा शेवट अर्धवट राहिला असता तर कुणाला पडलं होतं!

‘सील टीम’ याबाबतीत धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. तिसरा सीझन करोनामुळे २० भागांवरच थांबवावा लागला, आणि शेवट म्हणून न लिहिलेला भागच शेवटचा ठरला. ते जाणवतं. पाचव्याच्या शेवटी तर त्यांनी नेमका तोच जुगार खेळला. मालीमध्ये ब्राव्होवर दबा धरून हल्ला होतो आणि सीझन तिथेच तुटतो. तोपर्यंत मालिका सीबीएसवरून पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर गेली होती आणि सहाव्या सीझनची घोषणाही तो भाग येऊन गेल्यावरच झाली. म्हणजे नशीब यांच्या बाजूने होतं, एवढंच म्हणा हवं तर. पण आज बघणाऱ्याला पुढचा भाग आहे, त्या हल्ल्याची किंमत कोण मोजतो तेही दाखवलंय, आणि २०२४ मध्ये मालिका रीतसर संपलीय.

अर्थात, प्रत्येकाला ११४ भाग झेपतील असं नाही. फक्त मोहिमा हव्या असतील, माणसांच्या आयुष्यात फार शिरायचं नसेल, तर ‘द ब्रेव्ह’च बरी. मात्र तिच्या अकराव्या भागावर थांबा. बारावा आणि तेरावा ही एकच जोडकथा आहे, ती सोडली तरी आधीचं काही अडत नाही. ‘सील टीम’ घेतलीत तर पहिल्या सीझनचे सुरुवातीचे काही भाग धीराने काढा, आणि पाचव्याचा शेवटचा भाग लावण्याआधी सहावा सीझन बघायची सोय आहे ना, ते पाहून ठेवा.