आईसाठी कॅप्नोग्राफ भाड्याने घेतला होता, त्याचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

कॅप्नोग्राफ म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन. मशीन वाईट नाहीये हे आधीच सांगतो, दोन स्टार कापलेत ते दुकानदाराच्या तोंडाचे.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हवा अडकायचा फुप्फुसांचा जुनाट आजार. जन्मात बिडीला हात लावला नाही तिने, पण चाळीस वर्षं चूल फुंकली आणि त्यात आमच्याकडचा पाऊस, म्हणजे चार महिने ओली लाकडं, त्या धुराचाच हा प्रसाद असं डॉक्टर म्हणाले. आम्ही गुहागरच्या बाजूचे. मागच्या गणपतीत भाऊ मुंबईहून आला, आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९० दिसले, झालं, घाबरला आणि ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर १ लिटरवरून थेट ४ वर नेला. आकडा ९७ झाला, सगळे खूश. सकाळी आरतीला उठवायला गेलो तर आई उठेचना, कशीबशी उठली तर जीभ जड, डोकं धरून बसलेली, आणि हात असा फडफडत होता की अर्धा चहा बशीत. ९७ असून हे काय म्हणून गाडी काढून चिपळूण गाठलं. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी (रक्तातले वायू मोजायची तपासणी) केली तर सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ७८, नॉर्मल असतो ३५ ते ४५, आणि पीएच ७.२८, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं.

डॉक्टरांनी भावाला चांगलाच झापला. बोटाच्या मशीनला फक्त ऑक्सिजन कळतो, कार्बन डायऑक्साइड साठतोय का ते त्याला दिसतच नाही, आणि अशा पेशंटला ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचा असतो, जास्त दिला की सीओटू आणखी चढतो. म्हणजे ९० बरोबरच होते! तीन दिवस बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) ठेवलं, मग रात्रीसाठी बायपॅप लिहून देऊन घरी पाठवलं.

आता घरी सीओटू कळणार कसा? एबीजीची सुई दुखते, आणि रक्त काढल्यावर अर्ध्या तासात मशीनमध्ये गेलं पाहिजे म्हणतात, म्हणजे घरी काढून एसटीने पाठवायचा प्रश्नच नाही, दरवेळी आईलाच न्यायचं. (पुतण्याने ऑनलाइन एक सीओटू मीटर मागवला होता, तो निघाला खोलीतली हवा मोजणारा, पीपीएमवाला. आता देवाजवळच्या फळीवर पडून आहे.) म्हणून एका सर्जिकलवाल्याकडून कॅप्नोग्राफ भाड्याने आणला, आठवड्याला साडेतीन हजार, डिपॉझिट वेगळं.

नाकात बारीक नळी, मशीन त्यातून श्वासातली हवा थोडी थोडी ओढतं आणि इन्फ्रारेडने मोजतं, श्वास सोडून संपताना जो आकडा येतो तो ईटीसीओटू. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "मला काय बैल समजलास काय, वेसण घालतोस ती?" पण सवय झाली. स्क्रीनवरचा ग्राफ मात्र बघण्यासारखा, मी स्वतःला लावून बघितला तर स्लॅबच्या घरासारखा, वर सपाट, आणि आईचा आमच्या कौलांच्या उतारासारखा तिरका चढत जाणारा. अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते म्हणून तसं होतं म्हणे. श्वास मिनिटाला किती तेही नीट कळतं, बॅटरी पण चांगली, रात्री लाईट गेली तेव्हा दोन तास आरामात चालली.

आता तक्रार. दुकानदार म्हणाला होता, "आता डॉक्टरकडे जायची गरजच नाही, सगळं स्क्रीनवर दिसेल." सकाळी घरी ४१ दाखवलं, आम्ही निर्धास्त, त्याच दिवशी फॉलोअपला एबीजी केली तर ५५! डॉक्टरांनी समजावलं की खराब फुप्फुसात काही भागात हवा जाते पण रक्त पुरेसं पोचत नाही, तिथली हवा सीओटू न घेताच बाहेर येते आणि बाकीच्या हवेत मिसळून आकडा खाली ओढते. बायपॅपचा मास्क लावलेला असताना तर विचारूच नका, मशीनची हवा मिसळून एकदा २६ दाखवले. आकडा चढतोय की उतरतोय तेवढंच बघा, तेही बेताने, आणि आई दिवसा पेंगायला लागली किंवा सकाळी डोकं धरलं तर स्क्रीन काय म्हणते ते न बघता घेऊन या, असं ते म्हणाले. हे दुकानदाराला माहीत नसेल तर कठीण आहे, आणि माहीत असून बोलला नसेल तर त्याहून कठीण.

दुसरं म्हणजे ती नळी. श्वासाच्या वाफेचं पाणी तिच्यात साठतं, थेंब अडकला की ग्राफ एकदम सपाट, पहिल्यांदा तसं झालं तेव्हा रात्री अडीचला मी आईला गदागदा हलवून उठवलं, तिने जी शिवी घातली ती इथे लिहीत नाही. जास्तीच्या नळ्या मागूनच घ्या, आणि पाणी साठतं ती डबी रोज बघा.

दोन आठवड्यांनी परत केला. डिपॉझिटमधून नळीचे ४०० कापले, पावती अजून दिलेली नाही.