गवती चहाच्या टी-बॅगा घेतल्या, डबा तेवढा कामाला आला

दोन स्टार देतेय. एक तर द्यावाच लागतो, दुसरा पत्र्याच्या डब्याचा.

झालं असं की एप्रिल लागला की आमच्या जळगावात झोपेचं खोबरं होतं, कूलर रात्रभर घोंघों करतो, गच्चीवर गादी टाकावी तर लादीच पाठ भाजते, आणि त्यात मला दिवसाला पाच-सहा कप चहा लागतो, शेवटचा रात्री नऊला. मैत्रीण म्हणाली तो नऊचा बंद कर नी गवती चहा पी, डोकं शांत राहतं. म्हणून दुकानात समोर दिसला तो डबा उचलला, 25 बॅगा 260 रुपयाला. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको.

डब्यावर मांडी घालून डोळे मिटलेली बाई, आणि मनःशांती, गाढ झोप, डिटॉक्स, सगळं एकाच कपात.

पहिल्या रात्री बॅग बुडवली तर वास मस्त आला, पण जरा जास्तच मस्त, भांड्याच्या लिंबू साबणासारखा. चव मागून तुरट. आणि झोप? साडेबारापर्यंत टक्क जागी. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री पण तेच. मग आमचे हे भुसावळहून ड्युटी करून आले, चष्मा लावून डब्याच्या बुडाची बारीक अक्षरं वाचली नी हसायलाच लागले. चहा पावडर 60 टक्के, गवती चहा 25, बाकी तुळस, सुंठ आणि फ्लेवर! म्हणजे जो चहा सोडायला मी 260 घातले तोच मला परत पाजला. नुसत्या गवती चहात कॅफीन नसतंच, ते गवत आहे, पण त्यात चहा पावडर घातली की आलंच ना भो. लिहिलेलं होतं म्हणून फसवलं असं म्हणता येत नाही, पण पुढून झोप छापायची नी बुडाशी हे, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. एक बॅग फाडून ताटलीत ओतली तर सगळी काळी भुकटी, मधे चार-दोन पिवळट काड्या, कडब्याच्या कुट्टीसारख्या.

त्याच आठवड्यात सासूबाई शिरपूरकडून आल्या. डबा उलटापालटा करून बघितला नी म्हणे, "गवत बी पैसा देईसन लयनी का वं?" त्यांच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला आख्खा ठोंब होता, मोरीच्या पाण्यावर वाढलेला. खरंच, आपण खान्देशातले लोक नी वासाचं गवत डब्यातून विकत घेतो! नंदुरबार-पिंपळनेरकडे इंग्रजांच्या काळात रोशा गवताचं तेल काढायचे, गवती चहाचाच भाऊबंद तो, फक्त वास गुलाबाचा, आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला ते तेल जायचं म्हणे लांब लांब.

ठोंब फुटक्या बादलीत लावला, महिन्याभरात फुटवे आले. करायची पद्धत त्यांचीच: चार पाती धुवायच्या, गाठ मारायची (कडेने बोट कापतं हं, माझं कापलंय), दोन कप पाणी, वर झाकण, पाच मिनिटं उकळी. झाकण ठेवायचंच, नाहीतर लिंबासारख्या वासाचं ते तेल वाफेबरोबर उडून जातं नी उरतं कोमट हिरवं पाणी. गुळाचा खडा घाला नाहीतर नका घालू.

आता शांत वाटतं का? वाटतं. पण ते गवतामुळे का, हे मी छातीठोक सांगणार नाही. ब्राझीलमध्ये पण लोक झोपेसाठी हेच पितात, तिथे 1986 साली माणसांना पाजून तपासलं होतं, तर झोपेत नी घबराटीत काही फरक सापडला नव्हता. माझं म्हणाल तर नऊचा चहा सुटला हे एक, आणि पाणी उकळेपर्यंत ओट्यापाशी उभं राहावं लागतं, हात ओले म्हणून मोबाईल धरता येत नाही, हे दुसरं. बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी याच्या भरवशावर बंद करू नका, आणि पोटुशी बाई असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

उरलेल्या 21 बॅगा सकाळी दूध घालून संपवल्या, सकाळी चांगल्या लागतात, खोटं कशाला बोलू. डब्याचं झाकण एकदम घट्ट बसतं, सासूबाईंनी त्यात गिलक्याचं बी भरून ठेवलंय.