'मरीन' स्टिरिओच्या पांढऱ्या मुखवट्याआड गाडीचा रेडिओ

जुन्या बोटीसाठी स्वस्तातला स्टिरिओ शोधणाऱ्याला गंडवणं फार सोपं आहे. मूळ सेट कधीचा बंद पडलेला असतो. पॅनलमध्ये १८० बाय ५० मिलिमीटरचं भोक तयार असतं, म्हणजे गाड्यांमध्ये चालतो तोच सिंगल डिन साइज. त्या भोकात मावेल असं काहीही पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये घालून 'मरीन' म्हणून खपवता येतं. त्यात बोटीच्या सामानाला 'मरीन' शब्द लागला की दर चढतोच, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून कमी दरातला 'मरीन' दिसला की माणूस हरखतो, आणि अशा हरखलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहणारे बरेच जण आहेत.

मी ऑनलाइन घेतलेल्या संचात पांढरा रिसीव्हर, साडेसहा इंची दोन पांढरे स्पीकर, रबरी अँटेना आणि वायरचं एक भेंडोळं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं: '४ × ८० वॅट', 'आयपीएक्स६ वॉटरप्रूफ', 'टिन्ड मरीन वायर', 'जुन्या स्टिरिओच्या जागी थेट बसतो'. परीक्षणं शेकड्यांनी, आणि जवळपास सगळी पाच ताऱ्यांची. यातलं एकही विधान खरं निघालं नाही.

आधी वॅट, कारण ही थाप खरेदीआधी घरबसल्या पकडता येते. बोटीची वायरिंग १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.४ व्होल्टच्या आसपास देतो. स्टिरिओमध्ये व्होल्टेज वाढवणारा वेगळा भाग नसेल, आणि या आकाराच्या स्वस्त डब्यात तो नसतोच, तर ४ ओहमच्या स्पीकरला एका चॅनलमधून, म्हणजे '४ ×' मधल्या चारपैकी एका वाटेतून, स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात. १४.४ ला २ च्या वर्गमुळाने भागा, आलेल्याचा वर्ग करा, त्याला ४ ने भागा, झालं. प्रत्यक्षात चांगल्या कंपन्यांचे सेटही २० च्या आगेमागेच राहतात. मग त्यांच्या खोक्यावर '४ × ५०' कसं? आवाज पार फाटेपर्यंत ताणला की लहर चौकोनी होते, आणि तेव्हा १४.४ च्या वर्गाला ४ ने भागून ५१.८ वॅट येतात. ही जाहिरातीची वॅट आहे, पण निदान तिच्यामागे काही हिशेब आहे. ८० मागे तोही नाही. खोक्यावर आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॅटचा, आकडा आणि सोबत 'सीटीए-२००६', म्हणजे पूर्वीचं सीईए-२००६, असं छापलेलं असेल तर तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृतीच्या मर्यादेत मोजलेला असतो. माझ्या खोक्यावर यातलं काही नव्हतं.

एवढं गणित नको असेल तर सरळ फ्यूज बघा. स्टिरिओच्या पाठीला तो लावलेला असतो आणि त्यावर आकडा असतो. माझ्या सेटवर १० अँपिअरचा होता. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. सतत आत येऊ शकणारी वीजच एवढी, आणि त्यातला मोठा हिस्सा उष्णता होऊन जाणार. चार वेळा ८० म्हणजे ३२० वॅट बाहेर पडणार कुठून? विक्रेत्याला मी नेमकं हेच विचारलं. उत्तर आलं, "सर, ती म्युझिक पॉवर आहे."

पाण्याच्या बाबतीतली चलाखी अधिक बारीक आहे. आयपीएक्सचे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातून येतात. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा, आयपीएक्स६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नोझलमधून १०० लिटर. आयपीएक्स७ मध्ये वस्तू मीटरभर पाण्यात ३० मिनिटं बुडवतात. या चाचण्यांमध्ये मिठाचा काही संबंध येत नाही. खाऱ्या हवेची चाचणी निराळी असते. एएसटीएम बी११७ या पद्धतीत ३५ अंश तापमानाला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं वस्तूवर सोडून ठेवतात. शिवाय प्रामाणिक कंपन्यासुद्धा बऱ्याचदा आयपीचा आकडा फक्त दर्शनी भागासाठी देतात, पण तसं माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात. बोटीत खरा त्रास मागून येतो. पॅनलच्या मागे दमट खारी हवा कोंडून राहते आणि स्टिरिओची पाठ तिच्यातच असते. तिथे उपयोगी पडतं ते सर्किट बोर्डावरचं पारदर्शक संरक्षक लेपन, ज्याला कॉन्फॉर्मल कोटिंग म्हणतात. खऱ्या मरीन सेटचे जास्तीचे पैसे मुख्यतः त्याचे, उन्हात न पिवळणाऱ्या प्लॅस्टिकचे आणि न गंजणाऱ्या स्क्रूंचे असतात.

माझ्या सेटने लवकरच रंग दाखवले. गाणं आपोआप पुढे सरकायचं, आवाज कमी करायला नॉब फिरवला की उलट वाढायचा, डावा स्पीकर मनात येईल तेव्हा वाजायचा. शेवटी पॅनलमधून काढून उघडला. वरच्या झाकणाच्या एका स्क्रूचं डोकं स्क्रूड्रायव्हरखालीच भुगा झालं. आतला बोर्ड कोरा. लेपन असेल तर सोल्डरच्या टोकांवर गुळगुळीत साय धरल्यासारखं दिसतं आणि लागतं. इथे प्रत्येक टोक नखाला बोचत होतं. बऱ्याच लेपनांत तपासणीसाठी चमकणारा रंग मिसळलेला असतो, तो अतिनील टॉर्चखाली निळसर उजळतो. मी टॉर्च मारली, काहीच उजळलं नाही. पिवळी वायर जिथे बोर्डाला मिळते तिथे हिरवट कळंक चढला होता आणि त्याची बारीक रेघ शेजारच्या पिनेपर्यंत पोचली होती. पिवळी वायर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी कायम चालू असते. सतत व्होल्टेज आणि वर खारा ओलावा असला की तांबं पहिल्यांदा तिथेच खाल्लं जातं.

मग पांढरा मुखवटा काढून पाहिला. दोन क्लिपा दाबल्या आणि तो सुटून हातात आला. खाली काळ्या रंगाचा, नेहमीचा, गाडीचा स्टिरिओ. बटणंसुद्धा तिथल्या तिथेच. बाजूच्या 'मरीन' लेबलाचा कोपरा उचलला तर खाली दुसरं लेबल, दुसरा मॉडेल क्रमांक आणि 'कार एमपी३ प्लेअर' असे स्वच्छ शब्द. हे सगळं मी टप्प्याटप्प्याने मोबाइलवर टिपून ठेवलं. पुढे कामी आलं ते हेच.

वायरीचा प्रकार पाहून तर हसू आलं. टिन्ड वायरला कथिलाचा मुलामा असतो. ती बाहेरून रुपेरी दिसते आणि ब्लेडने खरवडली की आत तांबडी निघते. माझी वायर बाहेरून तांबडी होती आणि खरवडल्यावर आत रुपेरी निघाली. म्हणजे ॲल्युमिनिअमवर तांब्याचा पातळ मुलामा. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्याएवढी वीज वाहून नेत नाही, चार वेळा वाकवली की तुटते, आणि खाऱ्या हवेत जोडापाशी तिची पांढरी भुकटी व्हायला लागते. वीज वाहून नेणाऱ्या वायरीत असा जोड म्हणजे तापणारा जोड.

'थेट बसतो' हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, आणि तो जुन्याच बोटींच्या मुळावर येतो. पूर्वीच्या कित्येक स्टिरिओंमध्ये स्पीकरची ऋण बाजू सगळ्यांना सामाईक असायची, ती थेट अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडलेली. त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही स्पीकरांची एकच परतीची तार असू शकते. आजच्या स्टिरिओत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं. त्यातली एक अर्थिंगला टेकली किंवा दोन स्पीकरांच्या ऋण तारा एकत्र आल्या तर ॲम्प्लिफायरची चिप उडू शकते. मग विक्रेता म्हणायला मोकळा, "जोडणी चुकली, वॉरंटी संपली." माझ्या बोटीत सामाईक तार आहे हे एका मित्राने मल्टिमीटर लावून आधीच दाखवलं. बॅटरी सुटी करायची, स्टिरिओच्या बाजूने तारा मोकळ्या करायच्या आणि स्पीकरच्या ऋण तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, आणि दोन्ही स्पीकरांच्या ऋण तारांमध्येही, सातत्य, म्हणजे तारा आतून जोडलेल्या आहेत का, ते तपासायचं. बीप वाजला तर नव्या तारा ओढाव्या लागतात. मी ओढल्या, म्हणून ते निमित्त तरी विक्रेत्याच्या हाती लागलं नाही.

अँटेना गाडीचाच होता. त्याला खाली धातूचं अंग लागतं, आणि फायबरच्या बोटीला ते नसतं. त्यामुळे एफएमवर खरखर. स्पीकरचं चुंबक एवढं उघडं की पॅनलवर ठेवल्याबरोबर होकायंत्राचा काटा फिरला. या प्रकाराची दखल मात्र सगळ्यांनीच घ्यावी. स्पीकर चांगला असो वा वाईट, पक्का बसवण्याआधी होकायंत्राजवळ नेऊन बघा.

तक्रार केल्यावर खरा खेळ सुरू झाला. आधी विक्रेत्याने व्हिडिओ मागितला. मग दुसऱ्या कोनातून. मग फ्यूज बदलून बघा, मग रीसेट करा, मग आमचा तंत्रज्ञ सुट्टीवर आहे. हा सगळा गोडवा संकेतस्थळाची परतीची मुदत टळेपर्यंतच टिकला. मुदत टळताच सूर बदलला: "सर, आत पाणी गेलेलं दिसतंय. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या वस्तूला पाण्याची वॉरंटी नाही! वॉरंटीपत्र पाहिलं तर खालच्या बारीक अक्षरांत खरंच तसं छापलेलं होतं. नंतर पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम परत द्यायची तयारी दाखवली, अट अशी की तक्रार बंद करायची आणि एका ताऱ्याचं परीक्षण काढून टाकायचं. त्यातच वेगळा ॲम्प्लिफायर घेण्याचा आग्रह, "इंजिनाच्या खणात सहज बसेल." पेट्रोल इंजिनाच्या बंद खणात इंधनाची वाफ साचू शकते. तिथे ठिणगीपासून सुरक्षित ठरवलेलीच उपकरणं बसवायची असतात, आयएसओ ८८४६ हे मानक त्यासाठीच आहे. पैशांची फसवणूक एक वेळ समजू शकतो, पण हा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

परीक्षणांचं कोडंही तेव्हाच सुटलं. जुनी आधी या क्रमाने लावली तर सुरुवातीची सगळी सायकलच्या दिव्याबद्दल होती. 'रात्री छान उजेड पडतो.' चांगली परीक्षणं साठलेलं पान ठेवायचं आणि वस्तू बदलायची, ही युक्ती इतकी बोकाळली आहे की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अशा परीक्षण-पळवापळवीवर पहिल्यांदा कारवाई केली. परीक्षणांचे फोटो बघा. फोटोत वस्तूच वेगळी दिसली तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

पैसे परत मिळाले ते कार्डाच्या मार्गाने. बँकेकडे 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या प्रकारात दावा लावला. नादुरुस्तीचा दावा लावला असता तर विक्रेत्याने पुन्हा पाण्याचं तुणतुणं वाजवलं असतं. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट, दोन लेबलांचा फोटो, फ्यूजचा फोटो आणि संकेतस्थळाच्या आतच झालेला पत्रव्यवहार जोडला. व्हिसाच्या नियमांत अशा दाव्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते, इतर कार्डांची आपल्या बँकेकडून विचारून घ्यावी. विक्रेता खरेदीच्या वेळी सवलत दाखवून संकेतस्थळाच्या बाहेरून पैसे पाठवायला सुचवत होता. तसे पाठवले असते तर दावा लावायला जागाच उरली नसती. रिसीव्हर-स्पीकरचे पैसे आले. नव्या तारा ओढायचा खर्च आला नाही, येणारही नव्हता.

आता स्वस्तात घ्यायचंच तर काय? सीडीचा खण नसलेला, नुसता ब्लूटूथ-यूएसबीचा सेट घ्या. त्यात बिघडायला यंत्र कमी आणि खोलीही कमी, जुन्या पॅनलमागे ती मोलाची. माहितीपत्रकात बोर्डाच्या लेपनाचा स्पष्ट उल्लेख हवा आणि आयपीचा आकडा कोणत्या भागाचा हेही हवं. तेवढंही बजेटमध्ये बसत नसेल तर गाडीचा साधा, नावाजलेल्या कंपनीचा स्टिरिओ गाडीचा म्हणूनच घ्या, केबिनच्या आत कोरड्या जागी बसवा आणि काही हंगामांनी बदलावा लागेल असं धरून चाला. मुखवटा घातलेल्यापेक्षा तो स्वस्तही पडेल आणि वाजेलही बरा.

माझ्याकडचा संच त्याच फोटोंसह दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आलाय. आता तो '४ × १०० वॅट' झालाय. सगळे फोटो पुढून काढलेले आहेत, पाठ कुठेच दिसत नाही. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे पाठीचा फोटो मागा, ज्यात फ्यूजचा आकडा आणि लेबल वाचता येईल असा. मी दुसऱ्या खात्यावरून मागितलाय. अजून आलेला नाही.