पाटी नसलेलं गॅरेज, मालवण-कसाल रस्ता

जुनी गाडी रस्त्यात मधेच बंद पडते आणि गॅरेजात नेली की गुणी बाळासारखी चालते, असं होत असेल तर कट्ट्याचा बाजार मागे टाकून कसालच्या दिशेला या. पत्र्याची शेड आहे, बाहेर रिक्षा उभ्या असतात. पाटी नाही. ‘वायरिंगवाले मेस्त्री’ म्हणून विचारा, कुणीही सांगेल.

आमची कार्ब्युरेटरवाली मारुती 800, 1998 ची. भर पावसात वायपर आणि ब्लोअर चालू असले की चालता चालता इंजिन गप्प व्हायचं. जरा थांबलं की पुन्हा सुरू. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले, मग कॉइल, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप. दर वेळी ‘आता बघा’ म्हणत किल्ली हातात दिली.

मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, “बंद पडली काय चार्जिंगचो लाल दिवो लागता की नाय?” नाही लागत. बाबांनी आणि मी दोघांनीही खात्रीने सांगितलं. किल्ली ऑन असताना इंजिन थांबलं तर चार्जिंगचा आणि ऑइलचा दिवा पेटायलाच हवा. तो पेटत नाही, म्हणजे प्लग-कॉइलसारख्या ठिणगीच्या भागांना दोष देण्यात अर्थ नाही, करंटच तिथवर पोचत नाही. आधीचा सगळा खर्च या एका प्रश्नात वाचला असता.

मग त्यांनी कॉइलच्या प्लसला मल्टिमीटर जोडला, वायपर-ब्लोअर लावून गाडी तशीच चालू ठेवली आणि स्वतः एका रिक्षाचा हॉर्न दुरुस्त करायला गेले. व्होल्टचा आकडा सुरुवातीला तेराच्या वर होता. हळूहळू दहाच्या खाली आला, इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. दोष डोळ्यांसमोर येईपर्यंत या माणसाने एक स्क्रू सैल केला नाही, आणि माझ्या लेखी पाच तारे त्यासाठीच.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर इग्निशन स्विचचा कप्लर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड, दिसला: एक टर्मिनल सैल, त्यावर हिरवा गंज, भोवतीचं प्लास्टिक भाजून तपकिरी. आमच्याकडची खारी हवा तांब्याला सोडत नाही. टर्मिनल सैल झालं की रोध वाढतो, त्याने ते तापतं आणि तापून आणखी ढिलं होतं. वायपर-ब्लोअरचा भारही त्याच वाटेने जात असल्याने पावसातच खोड निघायची. किल्लीला अडकवलेला घरच्या किल्ल्यांचा जुडगाही त्यांनी सोडवून बाबांच्या हातात दिला. त्या वजनाने स्विच झिजतो म्हणाले. बाबांना ते रुचलं नाही.

नवा स्विच आणि कप्लर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवावा लागला, त्यामुळे गाडी तिथेच अडकली. घाई असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. फोन उचलत नाहीत. जत्रांच्या दिवसांत सकाळी लवकर जाऊ नका, मेस्त्री रात्रभर दशावतार बघून आलेले असतात. मजुरी 400 रुपये, पार्टचे पैसे वेगळे, बिल मागितलं तर बिडीच्या पाकिटावर लिहून देतात. स्कॅनर लागणाऱ्या नव्या गाड्या घेत नाहीत, त्यांना सरळ कुडाळचा रस्ता दाखवतात.