कायमचे आणि हंगामी स्थलांतर : इंदुरातून पाहताना

इंग्रजांशी झालेल्या १८१८च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि चाकरीनिमित्त दक्षिणेतून आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबे इथलीच झाली. मूळ गाव आडनावापुरते उरले. याउलट झाबुआ-अलिराजपूरचे भिल्ल मजूर बांधकामावर येतात, पण भगोरियाला, म्हणजे होळीआधीच्या त्यांच्या सणाला, आणि पेरणीला घरी परततात. परवाच एक बाई कडेवर तान्हे मूल आणि डोक्यावर गोधडी-भांड्यांचे गाठोडे घेऊन बसची वाट पाहत होती. जनगणना जन्मस्थान आणि मागील वास्तव्य विचारते, त्यामुळे इंदुरातच जन्मून वाढलेले आम्ही तिच्या लेखी स्थलांतरित नाही, आणि गणनेच्या वेळी गावी असलेला मजूरही तिच्यातून सहज निसटतो. मला या दुसऱ्या निसटण्याची अधिक काळजी वाटते, कारण त्यात मुलांची शाळा दर हंगामाला तुटते.